मुंबईने टाकलेले टेम्पो

नायगावहून भाईंदरला लोकल दहा मिनिटांच्या आत पोचते. मधे खाडी, खाडीत पाणजू बेट आणि दोन्ही बाजूंना रेल्वेचे पूल. तेवढंच अंतर गाडीने कापायचं तर वसईहून उलट पूर्वेला जायचं, गोखिवरे-चिंचोटीवरून हायवेला लागायचं, वर्सोव्याचा पूल ओलांडून घोडबंदरच्या तोंडाशी यायचं आणि काशिमिऱ्याहून पुन्हा पश्चिमेला भाईंदरात उतरायचं. वाहतूक तुंबली तर दीड-दोन तास सहज जातात. बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ साली ही खाडी ओलांडून मुंबईत शिरली, १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईची पहिली लोकल निघाली. गाड्यांचा पूल मात्र त्या रुळांच्या शेजारी आजतागायत उभा राहिलेला नाही. वसईतल्या पोरांनी मुंबईचे जुने टेम्पो का घेतले आणि ते स्वतःच्या हाताने का उघडले, याचं निम्मं उत्तर मला या न झालेल्या पुलात दिसतं.

उरलेलं निम्मं उत्तर मालात आहे. मी आगाशीचा. आमची वाडी केळीची, कडेने पानवेली, विहिरीच्या अंगाला सोनचाफा. यातला कुठलाच माल थांबत नाही. सोनचाफा पहाटे तोडला की सकाळच्या बाजाराआधी दादरला पोचायला हवा, दुपारी त्याला कोणी विचारत नाही. केळी मागे राहिली तर निदान सुकेळी करता येतात, आगाशीची सुकेळी तर प्रसिद्धच. भाजीला तीही सोय नाही. बाबा टोपल्या घेऊन विरारहून पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यात चढायचे. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली तेव्हापासून वाडीवाल्यांचा तो डबा. पण डब्यात टोपली मावते, केळीचे शंभर घड मावत नाहीत. दुधी, भोपळा, वांगी यांची पोती घेऊन दादरचा जिना चढणं म्हणजे काय ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. पुढे १९९६ मध्ये भाजीचा घाऊक बाजार वाशीला हलला, आणि वाशीला आगाशीहून टोपली डोक्यावर घेऊन कोण जाणार? गाडी हवीच होती.

नवी गाडी कोणालाच परवडत नव्हती. ट्रक होते ते मिठागरवाल्यांचे, लाकूडवाल्यांचे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेले फार्गो आणि डॉज माझ्या लहानपणी आगाशीच्या रस्त्यावरून जायचे तेव्हा आम्ही त्यांच्यामागे धावायचो, ती गाडी आपली असेल असं मनातही यायचं नाही. आपली वाटू शकेल अशी पहिली गाडी तीन चाकांची होती. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये जर्मनीतल्या विडाल उंड झोन कंपनीशी करार करून गोरेगावला हॅन्सिएट बनवायला सुरुवात केली, १९६४ मध्ये कारखाना आकुर्डीला गेला. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावर बसवलेलं, तेच चाक गाडी ओढायचं. टू-स्ट्रोक असल्यामुळे मागे निळा धूर. तिची एक खुबी होती: झाकण उचललं की सगळं समोर. गाडीखाली आडवं पडावं लागत नसे. पाना धरायला शिकलेल्या आमच्याकडच्या पहिल्या पिढीने तो उभ्याने धरला तो या गाडीमुळे.

मग १९६९ पासून मॅटाडोर. माझी पिढी मॅटाडोरची. १९८२ मध्ये कंपनी मर्सिडीजचं ओएम ६१६ डिझेल इंजिन पुण्यात बनवू लागली, आणि ते इंजिन म्हणजे काय दणकट प्रकार होता! मुंबईच्या लॉण्ड्रीवाल्यांनी, बेकरीवाल्यांनी, मंडप-डेकोरेटरवाल्यांनी मॅटाडोर घेतल्या, पाच-सात वर्षं पिळल्या आणि विकायला काढल्या. त्याच सुमारास जपानी गाड्यांची लाट आली. डीसीएम टोयोटा, ऑलविन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, आणि त्यांना उत्तर म्हणून १९८६ मध्ये टाटांची ४०७. मुंबईतल्या मालकांना नव्याची हाव सुटली. जुन्या मॅटाडोरचे भाव पडले. हायवेने त्या उत्तरेला आल्या, कारण घ्यायला आम्ही बसलो होतो.

आमची पहिली मॅटाडोर तिघांत होती: मी, चुलतभाऊ आणि शेजारचा एक जण. पैसे भिशीचे, थोडे केळीच्या हंगामाचे. गाडी बघायला जाताना उस्तादांना बरोबर नेलं. उस्ताद म्हणजे गिरणीतले फिटर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, गिरण्या थांबल्या त्या थांबल्याच. गिरणगावातली बरीच घरं नालासोपारा-विरारच्या चाळींत आली, त्यांत हेही. गिरणीत चाळीस-पन्नास वर्षांची इंग्रजी यंत्रं चालू ठेवणाऱ्या माणसाला सात वर्षांची मॅटाडोर काय जड? वसईच्या गॅरेजांचा इतिहास कोणी लिहील तेव्हा संपातल्या फिटरांना त्यात एक प्रकरण द्यावं लागेल. त्यांच्याजवळ मोजमापाची शिस्त होती. गाववाला मिस्त्री नट हाताला लागेल तेवढा आवळायचा. उस्ताद हेडचे बोल्ट मधून बाहेर, आडव्या-तिरक्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे, आणि मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

गाडी पारखायची त्यांची रीत सांगतो, कारण ती अजून चालते. आधी वास. पाट्यांजवळ, हौद्याच्या खाली नाक नेऊन मासळीचा वास येतो का पाहायचं. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारट पाणी रात्रंदिवस चेसिसवर गळतं आणि लोखंड आतून पोखरतं, वरून रंग कितीही चकचकीत असो. मग छोटी हातोडी. चेसिसवर ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू: पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेलं. ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत उतरलंय. शेवटी ऑइल भरायच्या तोंडावर तळवा धरायचा. वाफ जोरात हाताला लागली की रिंगा झिजल्या, रीबोअर आलं. या सगळ्याला पैसा लागत नाही. विकणारा मात्र उस्तादांना हातोडी काढताना बघून हजार-दोन हजारांनी आधीच खाली यायचा.

आमच्या हत्यारांची पेटी म्हणजे दोन तोंडी पान्यांचा संच, दहा-अकरापासून वीस-बावीसपर्यंत, एक पक्कड, एक जॅक आणि पावसात ओढून घ्यायला ताडपत्री. चौदा-पंधरा कायम हरवलेला. डिझेल गाडीत पहिला धडा एअर काढण्याचा. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, हवा दाबली जाते पण नोझलपर्यंत डिझेल जात नाही, आणि सेल्फ मारून बॅटरी बसते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, फेस येतो, बुडबुडे येतात, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. बारावी नापास झालेला माझा चुलतभाऊ हे एका दिवसात शिकला, आणि नंतर पदवीधरांना शिकवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मॅटाडोरचं एक खास दुखणं होतं, आणि ते अर्नाळ्याला कळायचं. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे मागे लांबलचक शाफ्ट नाही, हौदा जमिनीलगत, पोती चढवायला सोपी. म्हणून तर लॉण्ड्रीवाल्यांना ती प्यारी. पण किनाऱ्यावर मासळी भरायला नेली की वजन सगळं मागे पडतं, पुढची चाकं हलकी होतात आणि रेतीत नुसती गरगरतात. उपाय दोनच. चार पोरं पुढे बसवायची, नाहीतर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवायची. अर्नाळ्याच्या कोळणी हा तमाशा रोज बघायच्या आणि आमच्या वाडवळांच्या ड्रायव्हिंगवर जे बोलायच्या ते इथे छापता येणार नाही. पाट्या आधी उतरवून घ्या, मग खेळा, एवढं त्यातलं सभ्य.

खारी हवा हा वेगळाच विषय. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, मधे मिठागरं. घाटावर जी गाडी वीस वर्षं टिकते तिचा पत्रा आमच्याकडे आठ-दहा वर्षांत खालून भुसभुशीत होतो. म्हणून वसई-विरारमध्ये इंजिनाच्या मिस्त्रीइतकाच मान पत्र्याच्या मिस्त्रीला. जळालेलं ऑइल आणि डिझेल एकत्र करून पावसाळ्याआधी चेसिसला फासायचं, ही पद्धत प्रत्येक टेम्पोवाल्याच्या घरी. वाईट वास येतो, कपडे जातात, पण गंज थांबतो. वालीव-सातिवली, गोखिवरे भागात मुंबईतून छोटे कारखाने येऊन गाळ्यांत बसायला लागले तशी आमची सोय झाली. लेथ जवळ आला. आधी बुश कापून घ्यायला बोरिवलीला जावं लागे. नंतर गाळ्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत एखादा टर्नर चहाच्या पैशांत करून द्यायचा. सुटा भाग मिळेना की कुर्ल्याचा भंगार बाजार. तिथे अख्खं गिअरबॉक्स पसंत करून ते लोकलच्या लगेज डब्यात घालून आणलेलं मला आठवतं. भाजीच्या टोपल्या खाली जायच्या, गिअरबॉक्स वर यायचं.

आता ज्या भागाबद्दल आमच्याकडे फारसं कोणी बोलत नाही, तो सांगतो. भाजी-फुलांचं भाडं पहाटे संपतं. गाडी दिवसभर उभी ठेवून चालत नाही, आणि त्या वर्षांत दिवसभराचं भाडं एकच होतं: बांधकाम. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडको आली, जमिनीचे भाव उसळले. रेती वैतरणेची, खडी कामणकडच्या खदानींची, विटा भट्ट्यांवरच्या, आणि हे सगळं वाहायला वाडीवाल्यांच्याच पोरांचे जुने टेम्पो, जुने ट्रक. मग पाणी. इमारती उभ्या राहिल्या, नळाला पाणी नव्हतं. थकलेला ट्रक घ्यायचा, हौदा काढायचा, वर टाकी वेल्ड करायची, वाडीतल्या विहिरीवर पंप बसवायचा, की झाला टँकर. टँकरला वेग लागत नाही, रूप लागत नाही. खाली टाकलेला ट्रक टँकर म्हणून आणखी दहा वर्षं जगायचा. पंप रात्रंदिवस चालले. उपसा इतका वाढला की किनाऱ्याकडच्या विहिरींत खारं पाणी शिरायची धास्ती पडली.

याच्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. फादर 'सुवार्ता'चे संपादक, पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण वसईत त्यांची पहिली ओळख टँकर लॉबीपुढे न डगमगलेला धर्मगुरू हीच. आणि घराघरांत काय चाललं होतं? बाप मोर्चात, मुलगा टँकरवर. आमच्या चुलत्यांच्या घरात हे शब्दशः घडलं. चुलते संध्याकाळी मोर्चाहून आले आणि अंगणात चुलतभाऊ टाकीच्या तळाची गळती वेल्ड करत होता. भांडण झालं नाही. चुलते म्हणाले, "रात्री करू नको, उजेडाने डोळे जातील." त्या टँकरच्या पैशांतून धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं, आणि त्याच वर्षांत त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. यात कोण चुकला ते ठरवायला मी बसलेलो नाही. पण वसईच्या तरुणांनी जुन्या गाड्या जिवंत केल्या याचं कौतुक करताना त्या गाड्यांनी काय वाहिलं हेही लिहायला हवं. आमच्या वाड्या ज्या विटांखाली गेल्या त्या विटा बऱ्याचदा आमच्याच हौद्यातून आल्या.

दुसरी मोठी लाट कायद्याने आणली. मुंबईच्या धुराचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, १९९९ च्या अखेरीस व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षांत आठ वर्षांवरच्या डिझेल मालवाहू गाड्यांना मुंबईत गॅस बसवा नाहीतर हटा, असा धोशा लागला. गॅस बसवण्यापेक्षा विकणं सोपं. जिल्हा तेव्हा ठाणे होता, नंबर एमएच-०४. पण आगाशी, नंदाखाल, निर्मळच्या रस्त्यांवर एमएच-०२ च्या गाड्या वाढल्या, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरीच्या. ज्यांनी नावावर करून घेतल्या त्यांना कागदपत्रांसाठी ठाण्याला जावं लागायचं, आणि विरारहून ठाण्याला जायचं म्हणजे दादरला जाऊन दुसऱ्या लाइनने उलट वर यायचं. एका ना-हरकत दाखल्यापायी दिवस जायचा. पुढे आमच्या भागाचं स्वतःचं, एमएच-४८ चं परिवहन कार्यालय विरार पूर्वेला सुरू झालं तेव्हा टेम्पोवाल्यांनी पेढे वाटले, हे माझ्या डोळ्यांसमोरचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हा इतके पेढे दिसले नाहीत.

२००५ ने सगळं बदललं. मे महिन्यात टाटा एस आली: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. छोटा हत्ती. गिरीश वाघ यांच्या चमूने बनवलेली ही गाडी आमच्या गल्ल्यांसाठीच आखल्यासारखी होती; पापडीच्या बाजारातून, चर्चमागच्या बोळातून, वाडीच्या बांधावरून ती जाते. बँका कर्ज द्यायला लागल्या आणि पहिल्यांदाच वसईचा पोरगा शोरूममधून नवी गाडी घेऊन बाहेर पडला. लगेच २६ जुलैचा महापूर आला. पाणी ओसरल्यावर कितीतरी गाड्यांच्या मालकांनी बुडालेल्या गाडीला तसाच सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी आधी नोझल उतरवून इंजिन हाताने फिरवलं आणि पाणी बाहेर काढलं त्यांच्या गाड्या वाचल्या. हे शहाणपण कोणत्या पुस्तकातलं नव्हतं. जुलै २०१८ मध्ये मिठागरांत चारशेच्या आसपास माणसं अडकली, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, तेव्हाही गॅरेजवाल्यांनी आधी फोन करून तेच सांगितलं: चावीला हात लावू नका.

त्या पहिल्या छोट्या हत्तींना आता पंधरा वर्षं उलटून गेली. मूळ मालक दुसऱ्या धंद्यात गेले, आणि त्या गाड्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या हातात आल्या आहेत. पेल्हार, धानीव, आचोळे, वालीव, जिथे गाळे आहेत तिथे ही पोरं आहेत. यांत वाडवळ-सामवेदी घरांतले थोडे. उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या घरांतले जास्त. माझ्या भाच्याने अशीच एक घेतली आहे. इंजिन सीटखाली, सीट उचलली की हात पोचतो. हॅन्सिएटची ती जुनी खुबी फिरून आली. शिकणं मात्र बदललं. उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं पाने पुसण्याऐवजी हे मोबाइल बॅटरीवर टेकवून व्हिडिओ बघत क्लच प्लेट बदलतात. मला आधी ते पोरखेळ वाटे. पण परवा भाच्याने प्रेशर प्लेटचे बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने आवळले, कोणी न सांगता.

ही पोरं जुन्याच गाडीला का चिकटतात, हे कळायला नव्या गाडीचं बॉनेट उघडावं लागतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत सेन्सर आहेत, धूर गाळायची यंत्रणा आहे, दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय दुखणं समजत नाही. जुन्यात दुखणं ऐकू येतं, हाताला लागतं. पण जुन्यावर फास आवळतोय. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, त्यावर हरित कर; २०२१ मध्ये देशाचं भंगार धोरण आलं आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीची फिटनेसची फी कित्येक पट झाली. मुंबईच्या फुप्फुसांचा विचार केला तर हे योग्यच आहे. एवढंच की, मुंबईने आपला धूर आजवर खाडीपलीकडे विकला आणि त्याचे पैसे घेतले. आता खाडीपलीकडच्याने तो कोणाला विकायचा? काही वाड्याला, जव्हारला जातात. काहींचं पासिंग संपलं की चाकं काढून राजोडी-अर्नाळ्याच्या वाटेवर वडापावची टपरी होते.

२० फेब्रुवारी २०२४ ला वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. खाडी गाडीने ओलांडायचा जवळचा मार्ग अखेर मिळाला, तोही पाण्यावरून. हलका टेम्पो चढतो, मोठं भाडं अजून हायवेनेच जातं. भाच्याला बोट आवडत नाही, चढउतारात क्लच जळतो म्हणतो. त्याचं पासिंग पुढच्या महिन्यात आहे. हँडब्रेक धरत नाही, डाव्या बाजूच्या पाट्यांत एक पान तुटलंय आणि हौद्याचा फाळका बिजागरीतून सुटलाय. फाळक्याला वेल्डिंग मी करून देणार, पानाला त्याने कुर्ल्याला जावं असं माझं म्हणणं आहे. तो ऑनलाइन मागवतोय, आणि दोनदा चुकीच्या लांबीचं आलंय.